विलास, तुझ्या तारा बदलल्या

विलास, आज संध्याकाळी मिलिंद भाऊजी तुझी बेस गिटार न्यायला येणार आहेत. मी हो म्हटलंय. तुझ्या गिटारबद्दल तुला न विचारता या घरात पहिल्यांदाच काही ठरलं, म्हणून म्हटलं आधी तुझ्याच कानावर घालावं. आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, पण ती लगेच जमणार नाही. मला जरा वेळ दे.

तू जाऊन पस्तीस दिवस झाले. या दिवसांत लोकांनी मला तुझ्याबद्दल इतकं सांगितलं की जणू माझीच तुझ्याशी ओळख नव्हती. कंपनीतले म्हणाले, लेथ मशीनवर विलाससारखा हात पुन्हा मिळणार नाही. गायन पार्टीतले म्हणाले, आमचा कणा गेला. मी सगळ्यांना हात जोडत होते. विहारात त्रिसरण चालू होतं तेव्हा माझं लक्ष तुझ्या फोटोकडे नव्हतंच, हाराच्या दोऱ्याकडे होतं. कच्चा दोरा होता, कुठल्याही क्षणी तुटेल असं वाटत होतं. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात पंचवीस वर्षं शिलाई तपासली की बाई अशी होते.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पार्टीने तुझ्या आवडीची तीन गाणी म्हटली. ढोलकी होती, बेंजो होता. राजाभाऊंचा आवाज तर असा लागला होता की माईक काढून घेतला असता तरी नदीपलीकडे गेला असता. मिलिंद भाऊजी कीबोर्डवर डाव्या हाताने तुझा भाग सांभाळत होते. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखं ते गाणं डुगडुगत होतं. मी उठून आत गेले, उभ्यानेच पाणी प्यायले. तू असतास तर म्हणाला असतास, 'सुनी, तुला कधीपासून बेस ऐकू यायला लागला?'

त्यानंतर आठवड्याने भाऊजी आले. चहा घेतला, मयुरीची चौकशी केली, पंख्याकडे बघितलं, पुन्हा मयुरीची चौकशी केली. मीच म्हटलं, "भाऊजी, काय ते बोला ना."

"वहिनी, जयंतीचे कार्यक्रम तोंडावर आलेत. अंबरनाथचे दोन, उल्हासनगर कॅम्पातले तीन, बदलापूरचा आपला. वाजवायला एक जण मिळालाय, पण त्याच्याकडे गिटार नाय. म्हणजे... विलासची जर..."

मी कपबशा उचलल्या. ते उठून भिंतीपाशी गेले, गिटारला हात न लावता नुसतं वाकून बघितलं. "तारा मेल्यात, वहिनी. अशीच टांगून ठेवली तर गंज धरेल. मग तो गंज खालच्या पट्ट्या खातो. विलास सांगायचा ना नेहमी."

सांगायचास. कुणाला नाही सांगितलंस?

मयुरीला फोन केला तर ती रडायलाच लागली. "मम्मी, पप्पांची गिटार भिंतीवरच राहू दे ना. जशी आहे तशीच. पुसू पण नको." पुण्याला बसून ती म्हणतेय, पुसू नको. पण मला ते पटलं. कारण त्या दिवशी दुपारी मी स्टूल घेऊन वर चढले होते आणि तुझा फ्रेटबोर्ड जवळून बघितला होता. काळपट शिसवी लाकूड, त्यावर आडव्या पितळी रंगाच्या पट्ट्या, आणि तिसऱ्या-पाचव्या पट्टीपाशी जमलेला तो राखाडी चिकट थर. तुझ्या बोटांचा घाम, लेथचं थोडं तेल, कार्यक्रमातली धूळ. तू एवढा स्वच्छतेचा पक्का, तरी शेवटचे दोन महिने तुझ्याने झालं नव्हतं. दम लागायचा. मी म्हणायचे डॉक्टरकडे चल, तू म्हणायचास जयंती होऊ दे.

तो मळ म्हणजे तुझा या घरात उरलेला शेवटचा हात होता. तुझे शर्ट मी धुऊन टाकले होते, उशीचा अभ्रा कुठल्याशा बायकांनी धुतला, मला न विचारता. गिटार तेवढी राहिली होती. तिला पुसायचं म्हणून कापड घ्यायचे आणि तसंच परत ठेवायचे. आणि न पुसता द्यायची म्हणजे तू कुठूनतरी ओरडशील असं वाटायचं.

गिटारला हात लावायचे तुझे नियम मला पाठ आहेत. आधी हात साबणाने दोनदा धुवायचे, कोपरापर्यंत, मशीनचं तेल जाईपर्यंत. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. त्यासाठी मी कारखान्यातून खिशाच्या अस्तराची कात्रणं आणायचे. बनियनचं कापड धागे सोडतं, जीन्सचं ओरखडे पाडतं, खिशाचं अस्तर कसं मऊ आणि घट्ट विणीचं. हे मीच तुला शिकवलं होतं आणि तू पार्टीत सगळ्यांना स्वतःचा शोध म्हणून सांगायचास. एवढं करूनही तुझ्या तारा महिना-दीड महिन्यात मरायच्या. तुझा घामच तसा. लग्नाची अंगठीसुद्धा तुझ्या बोटात काळी पडली होती. मी माहेरच्या सोनाराला नावं ठेवली, आणि चूक घामाची निघाली.

आता ती तेलाची गोष्ट. आपण दोघांनी ती हजार वेळा सांगितली, पण एकमेकांना कधी सांगितली नाही.

अंबरनाथ पश्चिमेला आपली ती एक खोली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळी कंपनीत जाताना तू म्हणालास, "लाकूड सुकलंय गं, तेल द्यायला पाहिजे, आज कॅम्पात कार्यक्रम आहे." मी ऐकलं. नवीन लग्न, नवऱ्याचं काही करायची हौस. तू गेल्यावर मी गिटार मांडीवर घेतली आणि डोक्याला चोळतात तसं खोबरेल चोळलं. लाकडाला, तारांना, मागच्या मानेलासुद्धा. मध्ये मध्ये बोटांनी जिरवलं. कशी चकाकायला लागली! मला वाटलं, संध्याकाळी हा माणूस मला उचलूनच घेणार.

संध्याकाळी तू घाईत आलास, खोळीत घातलेली गिटार उचललीस आणि गेलास. स्टेजवर गेल्यावर तुला कळलं. मी समोर बायकांत बसले होते. तुझी बोटं तारांवरून घसरत होती आणि गाभा नसल्यासारखा आवाज येत होता, धप्प धप्प. गाणं संपल्यावर राजाभाऊंनी तुझ्याकडे बघितलं तसा तू माईक ओढलास आणि म्हणालास, "माफ करा मंडळी, आज आमच्या मंडळींनी गिटारची चंपी केलीय."

सगळा मंडप हसला. माझ्या शेजारची म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून पार्टीत मी चंपीवाली वहिनी झाले. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दुधाच्या पातेल्यात तारा उकळायला घातल्यास, त्यावरून आपण कचाकचा भांडलो, आणि उकळून निघालेल्या तारा पुन्हा खणखणीत बोलायला लागल्या तसा तू नाचलास. तुझ्यासाठी विषय तिथे संपला. 'लाकडाला खोबरेल नाही चालत सुनी, खवट होतं, आणि तारांना तर कुठलंच तेल नाही,' एवढं शिकवून मोकळा झालास.

माझा विषय संपला नाही. मी ठरवलं, या वस्तूला पुन्हा हात लावणार नाही. तू कितीदा म्हणालास, "ये ना, खुंटीवर तारेचे वेढे तू घाल, तुझे वेढे बॉबिनसारखे येतील." मी म्हणायचे, "नको बाबा, मी चंपीवाली." तू हसायचास. तुला वाटायचं मीही गंमत करतेय. सव्वीस वर्षं एखादी बाई गंमत करते का रे?

आणि मी आणखी एक सुरू केलं. त्या कार्यक्रमानंतर पुढच्या कार्यक्रमाला तू नव्या तारा लावून वाजवलंस, घरी आल्यावर विचारलंस, "कसा वाटला बेस?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "मला तर बाई काही ऐकूच आलं नाही. ढोलकी आली, पेटी आली, तुझं काही आलं नाही." तुझा चेहरा पडला. मला बरं वाटलं. मग दर कार्यक्रमानंतर तू विचारायचास आणि मी तेच सांगायचे.

बदलापूरला मांजर्लीत हे घर घेतलं तेव्हा तुला तुझं उत्तर सापडलं. तू ॲम्प स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवलास आणि दुसरी जाडी तार मोकळी वाजवलीस. पलीकडे मांडणीतली ताटं किणकिणायला लागली. तू तिथूनच ओरडलास, "बघ! तुला नाही ऐकू येत, पण तुझ्या ताटांना येतंय!" मग ते तुझं रोजचंच झालं. मी पोळ्या लाटायला बसले की तू मुद्दाम तीच तार छेडायचास. शेवटी एक दिवस मी खिशाच्या अस्तराच्या कात्रणाची घडी केली आणि दोन ताटांच्या मध्ये कोंबून टाकली. ताटं गप्प झाली. तू बरेच दिवस ती तार वाजवून बघत होतास. मग सोडून दिलंस.

गेल्या रविवारी मी उल्हासनगरला तुझ्या त्या दुकानात गेले. किशनशेठच्या. मयुरीला सांगितलं नाही. माझं एवढंच ठरलं होतं की गिटार द्यायची असेल तर नवीन तारा लावून द्यायची, आणि त्या माझ्या पसंतीच्या. मला त्या चपट्या हव्या होत्या. तूच मला समजावलं होतंस, धाग्याच्या भाषेत. मधल्या तारेवर गोल तार गुंडाळली की खाचा राहतात, आवाज कडक येतो, पण मळ बसतो आणि बोट सरकलं की किर्र होतं. चपटी गुंडाळली की तार गुळगुळीत, आवाज गोल, मळ कमी, वर्षानुवर्षं चालते. मी तेव्हाच म्हटलं होतं, मग चपट्याच लाव की, ती किरकिर तरी थांबेल. भजनासारखी शांत गाणी तुमची, त्यांना कशाला कडक आवाज? तू दरवेळी काहीतरी कारण काढायचास आणि दरवेळी त्या खरखरीतच आणायचास. हा आपला न मिटलेला वाद. म्हटलं, आता तू नाहीस, मीच मिटवते.

किशनशेठला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तर बिचारे काउंटरच्या मागून बाहेर आले. "अरे साईं चला गया और किसी ने बताया भी नहीं, भाभी?" मला बसायला स्टूल दिलं. चहा मागवला. मी म्हटलं, "शेठ, वो चपटा वाला सेट दिखाओ."

त्यांनी काढला. मग हातातच धरून ठेवला. "भाभी, एक बात बोलूँ? मैं खुद उसको हर बार ये ही देता था. बोलता था, विलासभाई, आपके गाने में ये बैठेगा, घिसेगा भी कम, साफ करने का भी टेन्शन नहीं. वो बोलता, मेरे को भी येइच अच्छा लगता है शेठ, पर घरवाली को सुनाई नहीं देता. तुम वो खड़ा आवाज वाला दो, जो पीछे बैठी लेडीज तक पहुँचे." शेठ हसले. "हर बार येइच. मैंने पूछा, भाभी के कान में प्रॉब्लेम है क्या?"

विलास, मी तो चहा कसा संपवला मला माहीत नाही.

आता ती गोष्ट सांगते. मला ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. कॅम्पातल्या त्या मंडपात तेलकट तारांवरसुद्धा ऐकू येत होतं, म्हणून तर मला तुझ्याआधी कळलं होतं की काहीतरी चुकलंय. राजाभाऊ गायचे तेव्हा मी शब्द ऐकायचेच नाही. तू कडव्याच्या शेवटी खाली उतरायचास, थांबायचास, आणि ढोलकीच्या थापेबरोबर परत यायचास, मी ते उतरणं ऐकायला बसलेली असायचे. मला ते पोटात कळायचं. घरी येऊन तू विचारायचास आणि मी खोटं बोलायचे. आधी रागाने, मग सवयीने, आणि पुढे पुढे तर मला वाटायचं तुलाही माहीत आहे आणि आपण दोघं खेळतोय. तुला माहीत नव्हतं. तू माझ्यासाठी सव्वीस वर्षं तुला नको असलेल्या तारा लावल्यास. बोटांची सालं काढून घेतलीस, पट्ट्या झिजवल्यास, दर महिन्याला नवा सेट आणलास आणि त्यावरूनही माझीच बोलणी खाल्लीस.

किती सोपं होतं रे, 'आलं ऐकू' म्हणणं.

किशनशेठनी विचारलं, "तो ये पैक करूँ?" मी म्हटलं, "नहीं शेठ. वो जो लेके जाता था, वोही दो." त्यांना तुझ्या तारांच्या जाडीचा नंबर तोंडपाठ होता, पंचेचाळीस ते एकशे पाच. बायकांना नवऱ्याच्या चपलेचा नंबर माहीत असतो, मला तारांचा कळला, तोही तू गेल्यावर. सोबत लिंबाच्या वासाच्या तेलाची छोटी बाटली त्यांनी आपणहून दिली. आठवणीने म्हणाले, "चार बूँद, भाभी. ज्यादा नहीं." तुझी चंपी उल्हासनगरपर्यंत पोचली होती तर.

आज सकाळी मी हात दोनदा धुतले. कोपरापर्यंत. पलंगावर चादर घातली, गिटारच्या मानेखाली उशी दिली, अगदी तुझ्यासारखी. चारही तारा एकदम काढायच्या नाहीत, मानेवरचा ताण झटक्यात सुटतो, हे मला आठवत होतं. आधी दोन जाड्या सैल केल्या, पूर्ण लोळेपर्यंत, मगच काढल्या. तू एकदा ताणलेली तार कापून कपाळावर वळ उठवून घेतला होतास, तेही आठवत होतं. मग अस्तराचं नवं कात्रण घेतलं आणि तिसऱ्या पट्टीपाशी हात थांबला.

 मयुरीचा आवाज कानात होता, पुसू पण नको. मग मी तुला मोठ्याने म्हटलं, "पुसते रे." आणि पुसलं. पट्टीच्या कडेचं निघेना तेव्हा तुझा तो मऊ टूथब्रश घेतला. गिटारला नवा ब्रश आणि स्वतःला झिजलेला, यावरून मी तुला किती बोललेय. कापड काळं होत गेलं. मी रडले, पण लाकडावर पाणी पडू दिलं नाही, मान बाजूला करून रडले. चार थेंब तेल दिलं, पाच मिनिटांनी कोरडं पुसून काढलं. खालून ते शिसवी लाकूड वर आलं, आणि त्यात मला दिसलं की पाचव्या पट्टीच्या आधी लाकूडच किंचित खोलगट झालंय. बोटांनी. मळ गेला तरी ते तिथेच होतं. मयुरीला फोटो पाठवला. तिने लिहिलं, 'मिलिंदकाकांना दे मम्मी.' तेव्हाच भाऊजींना फोन केला, म्हटलं, संध्याकाळी या.

चारही नव्या तारांचे वेढे बॉबिनसारखे आले. वरून खाली, एकाखाली एक, कुठे चढाओढ नाही. तू बरोबर म्हणत होतास आणि मी तुला ते एकदाही बघू दिलं नाही.

सूर तुझ्या मोबाईलवरच्या त्या ॲपने लावले. मोबाईल मी अजून रोज चार्ज करते. हिरवी रेघ मध्यावर यायला मला अर्धा तास लागला. मग वायर लावली, ॲम्पचं बटण दाबलं. तो अजून त्याच भिंतीला टेकलेला आहे. दुसरी जाडी तार अंगठ्याने मोकळी छेडली.

आवाज आला. खडा, खरखरीत, पार मागच्या बायकांपर्यंत पोचेल असा. तार विझेपर्यंत मी कान देऊन बसले. पलीकडे काही हललं नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मांडणीतल्या दोन ताटांच्या मध्ये हात घालून ती घडी ओढून काढली. इतकी वर्षं दाबून राहिलेली, कडक झालेली, कडेला पिवळी पडलेली. ती ओट्यावर ठेवली, परत येऊन बसले आणि तीच तार पुन्हा वाजवली.

ताटं किणकिणली.

आलं ऐकू, विलास.